शानी

छावणीत येऊन त्रेचाळीस दिवस झाले होते, त्या दिवशी सकाळी द्वारका शहाणी झाली.

वैरणीचा ट्रक नुकताच आला होता. उसाचं वाढं धपाधप खाली पडत होतं आणि नावांचा पुकारा चालला होता. दोन बैल आणि एका गाईच्या वाट्याचा भारा डोक्यावर घेऊन गीताबाई आपल्या दावणीकडं वळली, तेवढ्यात तिला लेकीचं ओरडणं ऐकू आलं. ते ओरडणं तिच्या ओळखीचं होतं. कडबाकुट्टीचं मशीन सुरू झालं की द्वारका कानांवर तळवे दाबून असंच ओरडायची. पण आज मशीन बंद होतं.

भारा तिथंच टाकून ती पळाली.

द्वारका दावणीच्या मधोमध उभी होती. सलवारीला डाग पडला होता. ओलं कापड अंगाला लागलेलं पोरीला कधीच सोसत नसे. लहान होती तेव्हा फ्रॉकवर पाण्याचे चार थेंब पडले तरी ती फ्रॉक काढून भिरकावायची. आताही ती नाडी ओढत होती आणि गाठ सुटत नव्हती म्हणून ओरडत होती. भोवती वैरणीला आलेली माणसं. म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. गीताबाईनं पेंडीचं रिकामं पोतं उचललं, पोरीच्या कमरेभोवती गुंडाळलं आणि तिला कवेत धरून ओढत शेडनेटच्या मागं नेलं. पोतं टोचलं तसा द्वारकानं आईच्या दंडाला कडकडून चावा घेतला. गीताबाईनं हात सोडला नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "येडी शानी झाली की रं!"

दोघं-तिघं हसले.

टँकर दिवसाआड यायचा. गाईसाठी राखलेली एक घागर होती, तीच गीताबाईनं पोरीला धुवायला वापरली. जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं, ते द्वारकानं काढून टाकलं. पुन्हा बांधलं, पुन्हा काढलं. पाचव्या वेळी पोरगी दमली आणि मातीतच आडवी झाली. गीताबाई तिच्या उशाशी बसली. दंडावर दातांची पूर्ण महिरप उठली होती.

दुपारी बिभीषण आला. गीताबाईचा नवरा. छावणीच्या टँकरवर तो पाईप धरायला जायचा.

"गाय कावून हंबरती? पानी दावलं न्हाई का?"

"सरलं."

"सरलं म्हंजे? सकाळी भरलेली घागर व्हती."

तिनं सांगितलं. बिभीषण टोपी काढून खाली बसला. टोपीच्या कडेनं कपाळावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. त्यानं द्वारकाकडं पाहिलं. ती उठून बसली होती आणि वाढ्याची कांडकी लांबीप्रमाणं एका ओळीत लावत होती.

"आता दर महिन्याला आसंच?"

"दर महिन्याला."

द्वारका तेरा वर्षांची. बोलत नव्हती. नारायणगडाला नवस झाला, अंगारेधुपारे झाले. पुढं अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी पोरीला दोन तास खेळवलं आणि सांगितलं, हा रोग नाही, पोरीचा स्वभावच असा घडलाय. स्वमग्न म्हणतात याला. औषध नाही, पण शिकवलं तर ती शिकेल. बिभीषणनं त्यातलं "औषध नाही" एवढंच ऐकलं होतं. ऊसतोडीला जाताना ते तिला बरोबर न्यायचे. ऊस तोडून मोळ्या बांधल्या की द्वारका मोळ्यांची तोंडं एका रेषेत आणायची. एकही मोळी वाकडी चालायची नाही. त्या साली पाऊस झाला नाही, कारखाने लवकर मिटले, माघातच माणसं गावाकडं परतली. गावात प्यायलाही पाणी नव्हतं. मग शिरूर कासारच्या अलीकडच्या माळावर दूध सोसायटीनं उघडलेल्या या छावणीत जनावरं बांधली.

सोसायटीचे चेअरमन रामकिसन आप्पा. रोज दिवस कलला की दावणी बघत फिरायचे. माणूस वाईट नव्हता. कुणाचं जनावर बसलं तर स्वतः डॉक्टरला फोन लावायचे. त्या दिवशी ते बिभीषणच्या दावणीशी थांबले.

"पोरीचं कानावर आलं," आप्पा म्हणाले.

बिभीषण उभा राहिला. गीताबाईनं पदर पुढं ओढला.

"हितं नऊशे जनावरं हायत, तेवढीच मानसं. सगळीच काही देवमानसं न्हाईत. पोरगी वयात आली. तिला सांगता येत न्हाई, बोलता येत न्हाई. उद्या काई इपरीत झालं म्हंजे?"

"काय करावं आप्पा?"

"वळखीचे डाक्टर हायत. गर्भाची पिशवी काढून टाकतेत. एकदाच काय तरास व्हायचा त्यो व्हईल, पर दर महिन्याची कटकट मिटली. पुढचं सगळं भ्यावच मिटलं. आखितीनंतरच्या गुरुवारी सोसायटीची जीप जायची हाय. खर्चाचं तू मनात आनू नको."

बिभीषणनं आप्पांच्या पायाला हात लावला. गीताबाईनंही मान हलवली. खोटं कशाला बोला, तिला हायसंच वाटलं होतं.

शेजारच्या दावणीची छबुबाई वाकून हे सगळं ऐकत होती. आप्पा गेल्यावर ती म्हणाली, "बरंच झालं की. आपल्या टोळीत कुनाची ऱ्हायलीय पिशवी?"

ते खरं होतं. छबुबाईची नव्हती. गीताबाईचीही नव्हती.

गीताबाईची काढली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. कारखान्यावर असताना ओटीपोटात दुखायला लागलं. मुकादम म्हणाला, खाडे फार होतात. जाऊ म्हणाली, एक असं निपजलंय, दुसरंबी तसंच निपजलं तर काय करशील? आणि डॉक्टर म्हणाला, ठेवून काय लोणचं घालायचंय का? त्यानं पिशवीबरोबर आजूबाजूचं सगळंच काढलं. आठव्या दिवशी तिच्या हातात कोयता होता.

*

मंगळवारी आघाव मॅडम आल्या. तालुक्याच्या अठरा शाळांतल्या वेगळ्या मुलांना शिकवायचं काम त्यांच्याकडं होतं. द्वारकाचं नाव शाळेच्या पटावर होतं, पण ती वर्गात ओरडते म्हणून हेडमास्तर तिला बसू देत नसत. म्हणून मॅडम घरी यायच्या, आणि घरच छावणीत आल्यावर स्कूटी घेऊन छावणीत यायच्या. त्यांचं तोंड ओढणीनं गुंडाळलेलं असायचं. ओढणी सोडली की डोळ्यांभोवतीची धुळीची वर्तुळं दिसायची.

त्या दिवशी द्वारका जागेवर नव्हती. चार दावणींपलीकडं कुणीतरी आपला बैल दुसऱ्याच्या खुंट्याला बांधला होता. द्वारका तो सोडून त्याच्या जागी नेऊन बांधत होती. नऊशे जनावरांत कुणाचं काय कुठं असतं हे तिला पाठ होतं.

"मॅडम, आखितीनंतर दोन हप्ते तुमी येऊ नका," गीताबाई म्हणाली. "द्वारकाचं आपरेशन हाय."

मॅडमनी पेटीतून काढलेले रंगीत मणी पुन्हा पेटीत ठेवले. "कसलं?"

गीताबाईनं सांगितलं.

"काय दुखतंय तिला?"

"दुखत काई न्हाई."

"मग?"

"तिला जमनार न्हाई, मॅडम. त्ये बांधायचं, बदलायचं. मोठ्या बायांना नको हुतंय."

"शिकवलं का तिला?"

गीताबाई खाली सांडलेलं वाढं गोळा करायला लागली.

"न शिकवताच नापास केलं का पोरीला?" मॅडमचा आवाज चढला. मग त्यांनी तो खाली आणला. "गीताताई, तिला बोलून कळत नाही. बघून कळतं. आत्ता तो बैल बघा, कुणी सांगितलं तिला? तुमची पाळी येईल तेव्हा तिला जवळ घ्या. तुम्ही करता ते तिला बघू द्या..."

"मला येत न्हाई."

"अं?"

"सात वर्सं झाली. मपलीबी काढली."

मॅडमनी पेटी बाजूला सरकवली. "वय काय तुमचं?"

"बत्तीस आसंल."

"काढल्यापासून बरं आहे?"

सात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, आईनं नाही. गीताबाई आपल्या गुडघ्यांकडं बघत बोलायला लागली.

"बसल्या जागी अंगाची लाही व्हती. पानी वतून घ्यावं वाटतंय. गुडघं वाजतेत. मोळी उचलली की कंबर धरती. दोन दात पडले. कुनाला सांगितलं की म्हंतेत, कामाचा कंटाळा आलाय." तिनं मान वर केली. "मी सांगते तरी, मॅडम."

आणि तेवढ्यात तिला पुढचं दिसलं. ती द्वारकाकडं वळून बघायला लागली. बैल बांधून झाला होता आणि पोरगी त्याच्या गळ्यातल्या घंटेवर गाल टेकून उभी होती. ही काय सांगणार? हिचे गुडघे वाजले, हिच्या अंगाची लाही झाली, तर ही फक्त ओरडणार. आणि माणसं म्हणणार, येडी ओरडायलीय.

"दाखवायचं कसं?" गीताबाईनं विचारलं. "मपल्याकडं तर काईच न्हाई दाखवायला."

मॅडमची नजर तिच्या कपाळाकडं गेली. "कुंकू आहे ना?"

*

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मॅडमनी चार चित्रं काढून दिली. डब्यातून कापड घ्यायचं. चड्डीत लावायचं. लाल झालं की काढून घमेल्यात टाकायचं. हात धुवायचे. गीताबाईनं शेडनेटच्या लाकडाला चार खिळे ठोकले आणि चित्रं ओळीनं टांगली. मॅडमनी आणलेले पॅड द्वारकानं एका दिवसात नाकारले. वरचा कागद चुरचुरला की ती कान झाकायची. लुगड्याचं फडकं तिला टोचायचं. शेवटी सासऱ्याच्या जुन्या धोतराचा तुकडा चालला, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला.

दुपारी माणसं सावलीला पेंगत, तेव्हा दोघी पोत्यांच्या आडोशाला बसायच्या. गीताबाई साडीवरूनच चड्डी चढवायची आणि द्वारकालाही सलवारीवरून घालायला द्यायची. वाटीत कुंकू कालवून कापडाला लावायचं. मग चित्रावर बोट ठेवायचं. आधी आईनं करायचं, मग लेकीनं. पहिल्या दिवशी द्वारकानं वाटी उपडी केली. दुसऱ्या दिवशी कापड हुंगून फेकून दिलं. पाचव्या दिवशी चड्डीतलं कापड काढून तिनं घमेल्यात टाकलं आणि मग घमेलंच उचलून दावणीत नेऊन ठेवलं. गीताबाई तिच्या मागं धावली. सलवारीवर चढवलेल्या आपल्या लेकीच्या चड्डीसारखीच आपल्याही साडीवर चड्डी आहे, हे तिला समोरच्या बायका हसल्यावर कळलं.

बिभीषणनं ते पाहिलं. "गुरुवार ठरला हाय. कशाला जीव घालायलीस?"

"तवर जमलं तर?"

तो वाढं तोडत राहिला. "जमलं तर बघू," म्हणाला.

आखिती आली. त्या वर्षी पितरांना दाखवायला आंबा मिळाला नाही. छबुबाईनं चिंचेचं सार केलं. द्वारकाला आता चारही चित्रं येत होती, पण ती कुंकवाची. खरं काही झालं नव्हतं. गीताबाई दिवस मोजत होती. अठ्ठाविसावा दिवस गेला. तिसावा गेला. ती रोज सकाळी पोरीच्या अंथरुणातली गोधडी उलटीपालटी करून बघायची. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला पुढंमागं होतं. पण गुरुवार पुढंमागं होणार नव्हता.

गुरुवारी सूर्य वर येतानाच झळा मारत होता. जीप छावणीच्या तोंडाशी उभी राहिली. आत आधीच दोन बायका बसल्या होत्या, एक चाळिशीची आणि एक फार तर तेवीस-चोविसाची. धाकटीच्या मांडीवर कापडी पिशवी होती. आप्पा स्वतः आले होते. बिभीषणनं द्वारकाला नवा ड्रेस घालून घट्ट हाताला धरलं होतं. पोरीला नव्या कापडाचा वास आवडत नसे. ती गळ्याशी ओढत होती.

गीताबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"न्यायचं न्हाई, आप्पा."

"जमलं का तिला?" आप्पांनी विचारलं. त्यांच्याही कानावर सगळं गेलं होतं.

"आजून आलीच न्हाई."

"मग कशाच्या जोरावर बोलायलीस?"

वैरणीची वेळ होती. माणसं जमली होती. त्यात त्या दिवशी हसलेलेही होते. गीताबाईच्या अंगातून ती नेहमीची लाही उसळली, पाठीवरून घाम वाहिला. हे असं चारचौघांत, बाप्यांच्या समोर बोलायचं तिच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं.

"मपली काढली तवा मी पंचवीस वर्सांची व्हते," ती म्हणाली. "आता बत्तीसची हाय. मपल्याकडं बगा अन् सांगा, मी बत्तीसची दिसते का?"

पुढं उभे असलेले दोघं-तिघं मागं सरकले.

"मला दुखतंय त्ये मी सांगते. कुनी आइकत न्हाई, त्ये सोडा. पर हिला दुखलं तर हिनं कसं सांगायचं? अन् कुनी वंगाळ नजर टाकील म्हनून माझ्या लेकीचं पोट कावून फाडायचं? ज्याची नजर वंगाळ त्याला बसवा की जीपमदी."

आप्पांचा चेहरा उतरला. रागानं नव्हे, एवढ्या लोकांत आपलं चांगलं मन कुणी परत करावं, याची त्यांना सवय नव्हती. "तुझ्या भल्याचं सांगत व्हतो," ते म्हणाले. "पुढं काई झालं तर आप्पाचं नाव घ्यायचं न्हाई." मग बिभीषणकडं वळले. "तू बोल. बाप हायस."

बिभीषणनं एकदा आप्पांकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. द्वारकाच्या मनगटावरची त्याची बोटं सैल झाली. पोरगी हात सोडवून दावणीकडं गेली. तो तिला परत आणायला गेला नाही.

जीपमधली धाकटी बाई गीताबाईकडं बघत होती. जीप वळून धुळीत दिसेनाशी होईपर्यंत ती मान मुरडून बघत राहिली. गीताबाईला तिचं नावही माहीत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सोसायटीचा मुनीम आला आणि त्यांची जागा बदलली म्हणाला. नवी जागा शेवटच्या टोकाला, शेणाच्या खड्ड्याजवळ होती. तिथं शेडनेट पोचलेलं नव्हतं. टँकरवरही दुसरा माणूस घेतला. बिभीषणनं खुंटे उपटले. जागा बदलली म्हणून द्वारका दिवसभर रडली, तीनदा तिन्ही जनावरं जुन्या जागी नेऊन बांधून आली. लोकांनी तिला हाकललं. बिभीषणनं तिन्ही वेळा मुकाट्यानं जनावरं परत आणली.

दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गीताबाई शेण भरत होती, तेव्हा तिला पहारीचा आवाज ऐकू आला. बिभीषण मुरुमात खड्डा घेत होता. जमीन इतकी तापून घट्ट झाली होती की पहार आदळली की ठिणगी उडायची. चार खड्डे घ्यायला त्याला दुपार झाली. त्याच्या तळहाताचे फोड फुटले. त्यानं बाभळीचे चार दांडके रोवले, पोती उसवून जोडली.

"किती उंच करू?" त्यानं विचारलं.

"तिच्या डोक्यापरीस वर."

त्यानं पोतं हातभर वर ओढून बांधलं. मग खिशातून चार खिळे काढले आणि दगडानं एकेक ठोकला, जुन्या जागी होते तसेच, तेवढ्याच अंतरावर.

ज्येष्ठ लागायच्या आधी एका दुपारी गीताबाई गाईच्या अंगावरच्या गोचड्या काढत होती. वारा पडला होता. द्वारकानं मागून येऊन तिचं मनगट धरलं. द्वारका आपण होऊन कुणाला हात लावत नसे. ती आईला ओढत आडोशात घेऊन गेली. आत आल्यावर गीताबाईच्या ध्यानात आलं. सलवारीला बोटभर डाग होता. पोरगी ओरडत नव्हती. ओठ घट्ट मिटून, नाकानं जोरजोरात श्वास घेत ती पहिल्या चित्रासमोर उभी होती.

गीताबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. मदत करायची नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

द्वारकानं डबा उघडला. एक कापड काढलं. मग दुसरं काढलं. दुसरं तिनं आईच्या हातात दिलं.

"मला कशाला गं?" गीताबाई पुटपुटली.

द्वारका हलली नाही. कापड हातात धरून ती आईकडं बघत राहिली, थेट डोळ्यांत नाही, खांद्याच्या जरा वर. पोरगी इतके दिवस जे शिकली होती ते दोघींचं होतं. आधी आई, मग ती.

बाहेरून बिभीषणनं विचारलं, "काय झालंय? काई पायजे का?"

"पानी ठिव भाईर," गीताबाई म्हणाली. "अन् थोडा दम धर. आमाला येळ लागंल."

तिनं हातातलं कापड उलगडलं, नीट घडी घातली आणि आपल्या चड्डीत लावायला घेतलं. ते झालेलं पाहिल्यावर द्वारका नाडीकडं वळली.